काळी चारच्या खाली तीन घरं

“तुझं मशीन चुकतंय,” करंदीकर बाई म्हणाल्या.

डोंबिवली पूर्वेला एका सोसायटीच्या हॉलमध्ये तालीम चालली होती. सतरंजीवर सात बायका, मध्ये पेटी, पेटीवर पाटीलकाका आणि कोपऱ्यातल्या टेबलावर मी, माझा लॅपटॉप आणि कीबोर्ड. बायकांनी सा लावला, मी मागे माझा चाळीस जणींचा कोरस सोडला आणि जे काही ऐकू आलं ते ऐकून दारातून आत येणारा वॉचमन उंबऱ्यातूनच परत गेला. बायका एका सुरात होत्या, माझा कोरस दुसऱ्याच.

मी स्क्रीनवर बघितलं. काळी चार. बाईंनी दिलेल्या कागदावर बघितलं. काळी चार. पाटीलकाकांच्या बोटाकडे बघितलं. तेही काळी चारवर, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीवरच होतं.

“बाई, मशीन चुकत नाही हो,” मी म्हणालो.

“मग पेटी चुकते का?”

शाळेत पाचवी ते दहावी बाईंनी मला गाणं शिकवलं आहे. त्यांच्यासमोर मी आजही अर्ध्या चड्डीतच असतो.

माझा धंदा सांगतो. मी म्युझिक अरेंजर आहे. नाटकं, जाहिराती, माहितीपट यांचं पार्श्वसंगीत बसवतो, बहुतेक सगळं कॉम्प्युटरवर. चाळीस गायिका उभ्या करायला माझ्याकडे ना जागा असते ना त्यांची जमवाजमव करायचा धीर. त्यासाठी सॅम्पल लायब्ररी असते. परदेशात कुठेतरी एका मोठ्या हॉलमध्ये खरे गायक उभे करतात. त्यांच्याकडून एकेक सूर वेगळा गाऊन घेतात. हळू, जोरात, ‘आ’मध्ये, ‘ऊ’मध्ये, तोंड मिटून. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना आवाज कसा सरकतो तेही वेगळं रेकॉर्ड करतात. अशा हजारो तुकड्यांची मिळून ती लायब्ररी. मी कीबोर्डवर पट्टी दाबली की त्या सुराचा तुकडा वाजतो. हे एआय नव्हे. माणसांनी खरोखर गायलेलं असतं, फक्त आपल्यासाठी गायलेलं नसतं.

बाईंचं काम मी का घेतलं, हे सांगायला नकोच. त्यांचा महिलांचा वृंद एके काळी तीस जणींचा होता. मग कुणाचे गुडघे गेले, कुणी मुलीकडे पुण्याला गेलं, कुणी कायमचंच गेलं. राहिल्या सात, त्यात एक बाई स्वतः. वय शहात्तर. बाईंची स्वतःची एक रचना आहे. त्यात पुढे काही जणी ओळ गातात आणि मागे मोठा वृंद नुसत्या आकारात सूर धरून ठेवतो. तीस जणी असताना ती एकदाच झाली होती. आता ठाण्यात वृंदाचा कार्यक्रम ठरला होता, आणि बाईंना ती पुन्हा करायची होती.

“मागच्या बायका तू आण,” त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं. “कुठूनही आण.”

लायब्ररी निवडणं म्हणजे साडी खरेदी. दुकानात दिव्याखाली सगळंच छान दिसतं. प्रत्येक कंपनी वेबसाइटवर डेमो टाकते आणि प्रत्येक डेमोत जगबुडी तरी होत असते नाहीतर कोणीतरी घोड्यावरून येत असतो. पहिली लायब्ररी मी महिन्याच्या भाड्यावर घेऊन बघितली. भव्य. पण ती चर्चमध्ये रेकॉर्ड केलेली, त्यामुळे प्रत्येक सुराला चर्चचा घुमारा चिकटलेला. तो काढता येत नाही. आमच्या सात बायका त्याच्यापुढे चर्चबाहेरच्या पायऱ्यांवर बसल्यासारख्या वाटल्या असत्या.

तिसरी एक लहानशी होती. पूर्व युरोपातल्या कुठल्याशा खेड्यातल्या आठ बायका, उघड्या गळ्याने गाणाऱ्या. डेमो ऐकला तर नळावर भांडण लागल्यासारखं. अर्ध्या मिनिटात बंद केला.

घेतली ती दुसरी. कोरड्या स्टुडिओत रेकॉर्ड केलेली, म्हणजे घुमारा आपण हवा तेवढा घालायचा. आवाज गुळगुळीत. सुराचा थरथराट, ज्याला आम्ही व्हायब्रेटो म्हणतो, तो बंद करायची सोय. आणि मुख्य म्हणजे पट्टी. बायकांच्या आवाजाची लायब्ररी खाली कुठपर्यंत जाते हे बघावंच लागतं, कारण परदेशी गायिका आपल्या बायकांपेक्षा वर गातात. ही पांढरी पाचपर्यंत जात होती. बाईंचा सा काळी चार. रचना साच्या खाली फक्त एकदा उतरते, निषादावर, आणि तो येतो नेमका पांढरी पाचवर. मापात शिवल्यासारखं काम. बाईंनी पाठवलेल्या जुन्या रेकॉर्डिंगशी लावून बघितलं, सूर चोख जुळला. मी खूश होऊन लायब्ररी घेतली. अशा लायब्ररीचा नियम असा की एकदा चालू केली की परत घेत नाहीत.

आणि आता ती सात बायकांपुढे बेसूर ओरडत होती.

“पाटील,” बाई म्हणाल्या, “याला जरा चहा पाजून आणा. डोकं शांत झालं की सापडेल याला.”

पाटीलकाका कळव्याचे. घर पिढ्यान्‌पिढ्या तिथलं, वडील मिठागरावर होते. वीस वर्षांहून जास्त काळ ते या वृंदाची पेटी वाजवतात आणि तानपुऱ्याचं मशीनही तेच लावतात. खाली टपरीवर त्यांनी दोन कटिंग सांगितले. चहा आला. मग ग्लास हातात धरून म्हणाले,

“शैलेश, तुजा मशीन बरोबर हाय.”

“म्हणजे?”

“पेटी तीन घरं खाली हाय.”

त्यांची पेटी स्केल चेंजर आहे. म्हणजे तिच्या पट्ट्यांची फळी उचलून डावी-उजवीकडे सरकवता येते. एक घर सरकवलं की सगळे सूर अर्ध्या पट्टीने बदलतात, बोटं मात्र त्याच जागी पडतात. बोट काळी चारवर, आवाज पांढरी चारचा. पेटीच्या कडेला, फळी कुठे सरकली आहे हे जिथे दिसतं तिथे, काकांचा एक पांढरा नॅपकिन कायम पडलेला असतो. मला वाटायचं घाम पुसायला असेल.

“तीन वर्सं झाली,” काका म्हणाले. “कल्यानच्या कार्यक्रमात बाईंचा वरचा गंधार फाटला. लोकांसमोर. दोन महिने त्या तालमीला आल्या नाय. वृंद बंद करते बोलल्या. मी जाऊन बोललो, बाई, एकदा या, मग बंद करा. आनि त्या यायच्या आदी पेटी एक घर सरकवली.”

“मग?”

“गंधार लागला. बाई रडल्या. बोलल्या, पाटील, दोन महिने घरी रियाज केला, फल मिलाला. मी काय बोलनार? दुसऱ्या वर्सी आनखी एक घर. यंदा आनखी एक.”

“आणि बाकीच्या सहाजणी?”

“त्या कशाला इचारतायत? त्यांचा पन वय झाला. त्यांनापन खाली बरा वाटतो.”

मला हसू आलं आणि लगेच गिळावंही लागलं. सत्तरीला आलेला माणूस, तीन वर्षं एक गुपित नॅपकिनखाली झाकून बसलेला.

“बाईंना यातला एक शबूद कलला नाय पायजे,” ते म्हणाले. “कलला तर त्या परत उभ्या नाय राहनार. मना म्हायती हाय.”

मी वर गेलो आणि भर सभेत सांगितलं, “बाई, सेटिंग चुकलं होतं माझं. पुढच्या तालमीला नीट करून आणतो.”

“मी म्हणाले नव्हते?” बाई म्हणाल्या.

पंचवीस वर्षांच्या धंद्यात मी न केलेल्या चुकीची माफी दुसऱ्यांदाच मागितली असेल. पहिली लग्नानंतर लगेचच.

आता खरी पंचाईत. तीन घरं खाली म्हणजे सा पांढरी चारवर आणि तो खालचा निषाद पांढरी तीनवर. माझी लायब्ररी पांढरी पाचला संपते. म्हणजे नेमका सा आणि निषादच तिच्याकडे नाही, आणि आकार धरून ठेवायचा तो साच. रेकॉर्ड केलेल्या शेवटच्या सुराच्या खाली गेलात तर सॉफ्टवेअर तोच तुकडा ओढून खाली आणतं. टेप हळू फिरवल्यासारखं. घरी येऊन मी तसं करून बघितलं. आतून बायकोने विचारलं, “कोण पुरुष कण्हतायत?”

पहिली, चर्चवाली, लायब्ररी पुन्हा काढली. ती थोडी आणखी खाली जाते, पण तिच्या खालच्या सुरांत नुसती हवा. सुशिक्षित गायिकांचा आवाज खाली आला की त्या कुजबुजतात. आमच्या बायका खाली येतात तेव्हा छातीतून गातात. पुरुषांचे आवाज वर चढवून बघितले, ते वेगळंच झालं. कोरसच काढून टाकावा असंही एकदा मनात आलं. पण मग ती रचनाच राहत नव्हती, आणि बाईंना कारण काय सांगायचं? कार्यक्रमाला बारा दिवस होते. मी घाबरलो होतो, हे कबूल करतो. माझं नाव खराब होईल याची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही की मी चुकीच्या ठिकाणी बोट दाबलं तर बाईंचं गाणं माझ्या हातून थांबेल.

तेव्हा ती तिसरी आठवली. नळावरची.

तिच्या वेबसाइटवर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की मागितल्यास दहा दिवस वापरून बघायला मिळेल. मी मेल केला. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंक आली. या वेळी डेमो ऐकलाच नाही. सरळ पांढरी तीन दाबली.

खोलीत बायका आल्या. दुसरं काय सांगू? आठ बायका, भरलेल्या आवाजाच्या, एकमेकींच्या जवळ उभ्या राहून गाणाऱ्या. आठही जणी अगदी काटेकोर सुरात नव्हत्या, एखादी किंचित वर, एखादी किंचित मागून येणारी. सॉफ्टवेअरमध्ये त्यांना सरळ करायचं एक बटण होतं. मी ते दाबून बघितलं आणि लगेच परत काढलं. सरळ केल्यावर त्या पुन्हा मशीन झाल्या. वर त्यांचा आवाज कर्कश लागायचा, आणि डेमोत कंपनीने तोच दाखवला होता. खाली त्यांच्यासारख्या त्याच. पांढरी दोनपर्यंत खऱ्या गायलेल्या होत्या.

मी पाटीलकाकांना घरी बोलावलं. त्यांनी खुर्चीवर बसून, डोळे मिटून ऐकलं.

“या कोन हायत?”

“नावं माहीत नाहीत काका. युरोपातल्या एका खेड्यातल्या आहेत.”

“रेकॉर्डिंगच्या आदी जेवल्या असनार. दम हाय आवाजात.” मग म्हणाले, “आमची आय आनि चुलत्या हलदीला बसल्या का असाच आवाज निघायचा. आमच्या गल्लीच्या त्या टोकाला कलायचा, पाटलांकडे हलद हाय.”

माझी निवड तिथेच पक्की झाली. पंधरा दिवस मी स्क्रीनवर सुरांचे आलेख बघत होतो, आणि यांनी एका वाक्यात काम संपवलं.

एक अडचण उरली होती. माझा कीबोर्ड. पाटीलकाकांसारखीच मीही बोटं काळी चारवर ठेवणार होतो, नाहीतर बाईंना दिसलं असतं. म्हणून कीबोर्ड तीन घरं खाली लावला. पण माझ्या कीबोर्डच्या छोट्या स्क्रीनवर ते ठळक दिसतं: उणे तीन. काही केल्या जात नाही. शेवटी मीही त्यावर एक नॅपकिन टाकला.

पुढच्या तालमीला बायकांनी सा लावला आणि मी माझ्या आठजणींना हळूच सोडलं. कुणीतरी मागे येऊन बसावं तसा आवाज भरला. सातजणींपैकी दोघींनी चक्क मान वळवून मागे बघितलं. बाईंनी गाणं थांबवलं नाही. संपल्यावर मात्र म्हणाल्या,

“या शिकलेल्या नाहीत.”

“नाहीत बाई.”

“पण ऐकून गातात. आवाज थोडा कमी कर. माझ्या बायकांच्या मागे उभ्या राहू देत, डोक्यावर नको.”

मी आवाज कमी केला. बाईंचं बरोबर होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही ठाण्याला दुपारीच पोचलो. हॉल निम्म्याहून जास्त भरला होता, त्यात वृंदातल्या जुन्या बायकाही होत्या, काठ्या टेकत आलेल्या. ती रचना शेवटी होती. पाटीलकाका माझ्याकडे बघत नव्हते आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. दोन चोर एका बाकावर बसावेत तसे आम्ही स्टेजवर होतो.

बाई वरच्या गंधाराकडे निघाल्या तेव्हा माझ्या बोटांना घाम फुटला होता. खाली माझ्या आठजणी सा धरून होत्या. बाईंनी गंधार घेतला. तो लागला. नुसता लागला नाही, बाई त्यावर थांबल्या, त्यांना वाटलं तेवढा वेळ थांबल्या आणि मग स्वतःच्या मर्जीने खाली आल्या. टाळ्या सुरू झाल्या. काकांनी नॅपकिन उचलून डोळे पुसले आणि घाईघाईने परत जागच्या जागी ठेवला. मला इतकं हलकं वाटत होतं की वायर गुंडाळताना मी चक्क शीळ घालत होतो.

नंतर मेकअप रूममध्ये सगळे बटाटेवडे खात होते. बाईंनी मला खुणेने खिडकीपाशी बोलावलं. मला वाटलं शाबासकी.

“शैलेश, नॅपकिन तरी वेगळ्या रंगाचा घ्यायचास.”

मी हातातला वडा खिडकीत ठेवला.

“एकाच स्टेजवर दोन वाद्यांना घाम येतो का रे? आणि पन्नास वर्षं गाणं शिकवलंय मी. माझा सा कुठे लागतो ते मला कळणार नाही?”

“तुम्हाला कधीपासून...”

“पहिल्या दिवसापासून. पाटलांनी पेटी खाली केली ती माझ्यासाठी केली. मी ते ओळखलं हे त्यांना कळलं असतं तर त्यांना लाज वाटली असती. म्हणून मी रियाजाचं फळ म्हणाले. त्या दिवशी तुझं मशीन बरोबर वाजलं तेव्हा मी घाबरलेच. आता याने सगळ्यांसमोर काही बोलायला नको, म्हणून तुम्हा दोघांना चहाला पाठवलं.”

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बघितलं. पाटीलकाका बायकांना वडे वाढत होते, पेटीची पेटी पायाशी बंद करून ठेवलेली.

“त्यांना सांगायचं नाही,” बाई म्हणाल्या. “आता मला एक सांग. पुढच्या वर्षी आणखी एक घर लागेल मला. तुझ्या त्या बायका जातील का तेवढ्या खाली?”

“दोन घरं जातात बाई. खऱ्या आवाजात.”

बाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं.

“दोन पुरेत,” त्या म्हणाल्या आणि वडा घ्यायला गेल्या.

तेव्हापासून कुणी लायब्ररीबद्दल विचारलं तर मी एकच सांगतो. डेमो ऐकू नका. आधी सगळ्यात खालची पट्टी दाबा, आणि तिच्याखाली अजून दोन घरं शिल्लक आहेत का ते बघा.